फुकटची भक्ती

वाचनासाठी: ईयोब, अध्याय १ व २, प्रकटीकरण, अध्याय ४ व ५

परभणीच्या नावानं एक म्हण सगळ्या मराठवाड्यात चालते: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाही तर आपलं गाव कुठं गेलंय? नोकरीसाठी पुण्या-मुंबईला निघालेला पोरगा हसत हसत हे म्हणतो आणि गाडीत बसतो. माणसाला मागं वळायला एखादं ठिकाण असावं, त्यात वावगं काही नाही. अडचण अशी की देवालाही आपण त्याच हिशेबात धरतो. दवाखाना झाला, बँक झाली, वकील झाला, सोयऱ्यांकडची उसनवारी झाली. बनलं तर बनलं, नाही तर देव आहेच. मग देवाकडं जाऊनही काम झालं नाही की ओठांवर येतं, एवढं करून मिळालं काय? कशासाठी भजायचं त्याला?

पवित्र शास्त्रानं हा प्रश्न झाकून ठेवलेला नाही. ईयोबाच्या पुस्तकात तो पहिल्याच अध्यायात येतो आणि विचारणारा आहे सैतान. ऊस देशातला ईयोब मोठा आसामी. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, सात मुलगे, तीन मुली. आणि वर देवभीरू. देव त्याचं कौतुक करतो तेव्हा सैतान हरकत घेतो. हा माणूस काही फुकट भक्ती करत नाही, असं त्याचं म्हणणं. घराभोवती कुंपण आहे, हाताला यश आहे, म्हणून हात जोडलेले आहेत. ते काढून घेतलं की हा तोंडावर शिव्या देईल.

वरवर पाहिलं तर हा आरोप ईयोबावर आहे. त्याची खरी धार मात्र देवाकडं आहे. देवाचं देणं बाजूला काढलं तर त्याच्यात भजण्यासारखं काही उरत नाही, असं सैतानाला सुचवायचं आहे. लोक भोवती जमतात ते गूळ आहे म्हणून. देव भक्तीला योग्य आहे का, हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं एखाद्या नास्तिकानंही क्वचितच मांडला असेल. ख्रिस्ती माणसाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात ते उत्तर नुसतं पुस्तकी असून भागत नाही.

कारण इथली शेती हाच एक चालताबोलता ईयोब आहे. जायकवाडीचा डावा कालवा पोचतो तेवढा पट्टा सोडला, तर बहुतेक शेती आभाळाकडं डोळे लावून बसलेली. जूनमध्ये पेरलेलं जुलैच्या उघडिपीत करपतं, मग दुबार पेरणी. ती कशीबशी साधली, सोयाबीनच्या शेंगा भरल्या, की सप्टेंबरात तीन दिवसांची झड लागते. पूर्णा, दुधना, गोदावरी फुगतात, वावरात पाणी साचतं आणि उभ्या झाडावरच्या शेंगांतल्या दाण्यांना तिथंच कोंब फुटतात. ज्यानं हे जवळून पाहिलं आहे त्याला ते दृश्य सांगावं लागत नाही. शेंग उकलावी तर आत पिवळा दाणा नसतो. पांढरट, मऊ, आंबूस वासाचा कोंब असतो. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सगळं त्या कोंबात गेलेलं. अशा आठवड्यानंतर रविवार येतो आणि माणूस भक्तीला जाऊन बसतो. तिथं गाणं असतं ते देवाच्या चांगुलपणाचं.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर होती. त्यात ख्रिस्ती माणसं अगदी थोडी. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला आणि परभणी त्यातच येते. प्रोटेस्टंट मंडळ्याही आहेत, त्याही लहान लहान. इतक्या थोड्यांत राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचा प्रश्न चुकवता येत नाही. तुमच्या देवानं तुमचं तरी सोयाबीन वाचवलं का, असं शेजारी चहा पिता पिता सहज विचारतो. त्यात कुचकेपणा नसतो. आणि उत्तर असतं, नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला. येशूनंही डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगितलं आहे, की पिता आपला सूर्य आणि पाऊस देताना चांगले-वाईट असा भेद करत नाही.

तेव्हा भक्तीचं कारण पिकात शोधायचं नाही, हे पहिल्यांदा मान्य केलेलं बरं.

मग ते शोधायचं कुठं? प्रकटीकरणाचे चौथा आणि पाचवा हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचले तर ख्रिस्ती विश्वासाचं उत्तर तिथं दोन पायऱ्यांनी चढत जाताना दिसतं. चौथ्या अध्यायात सिंहासन आहे, त्याच्याभोवती चोवीस वडील आणि चार प्राणी. वडील आपले मुकुट काढून सिंहासनापुढं ठेवतात. त्यांच्या स्तुतीचं कारण असं, की सगळं ह्यानं निर्माण केलं आणि ते आहे ते ह्याच्या इच्छेमुळं.

निर्माण केलं म्हणून स्तुती, हे कारण ऐकायला सोपं वाटतं. त्याचा अर्थ परभणीच्या रानात नीट कळतो. रब्बीची ज्वारी घ्या. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखे तिचे वाण काढले. विद्यापीठ स्थापन झालं १९७२ साली, आणि महाराष्ट्र ज्या दुष्काळाला अजून विसरलेला नाही तोही त्याच वर्षाचा. ही ज्वारी पेरली जाते तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पुढचे चार महिने वर पाणी नाही म्हटलं तरी चालेल. काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेली ओल, थंडी आणि पहाटेचं दव, एवढ्या भांडवलावर ती उभी राहते, पोटरीत येते, कणीस भरते. संशोधकांनी वाण निवडले, संकर केले, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. पण ओल धरून ठेवणारी माती त्यांनी केली नाही आणि दाण्यातली उगवायची ओढही त्यांनी घातली नाही. ही माती असायलाच हवी होती असं काही नाही. आपणही असायलाच हवे होतो असं नाही. सगळं नसतं तरी देवाचं काही अडलं नसतं.

ख्रिस्ती विश्वासात निर्माणकर्त्याची थोरवी इथं आहे. त्याला गरज नव्हती. पौलानं अथेन्समध्ये बोलताना हे स्पष्ट सांगितलं, की माणसांच्या हातून सेवा करून घ्यावी इतकं देवाला काही कमी नाही. श्वासापासून सगळं तोच देतो. पन्नासाव्या स्तोत्रात देव जवळजवळ थट्टेनंच सुचवतो, की भूक लागली तरी तुम्हाला सांगायची वेळ माझ्यावर येणार नाही, डोंगरावरची जनावरं माझीच आहेत. देवाला स्तुतीची हाव आहे का, अशी शंका पुष्कळांना येते. हाव असती तर तो स्तुतीला योग्यच राहिला नसता. मान मिळाला नाही म्हणून रुसणारा माणूस आपल्यालाही लहान वाटतो. ज्याला आपल्या भजनावाचून काही कमी पडत नाही, त्यानं दिलेलं हे सगळं निखळ देणं आहे. पहिली पायरी ती ही.

ईयोबालाही अखेरीस देवानं हीच पायरी दाखवली. सगळं हिरावलं गेल्यावर, अंगावर फोड आलेले असताना तो राखेत बसून खापराच्या तुकड्यानं अंग खाजवत होता, मित्र समजुतीच्या नावाखाली दोष देत होते. देव वादळातून बोलला तेव्हा त्यानं संकटाचं कारण सांगितलं नाही. त्यानं जग दाखवलं. माणूस राहत नाही अशा ओसाड रानावरही पाऊस पडतो तो कुणासाठी, हे विचारलं. रानगाढव, शहामृग, गरुड, समुद्रातला अक्राळविक्राळ लिव्याथान, माणसाच्या काही उपयोगाचे नाहीत असे जीव एकेक करून पुढं उभे केले. तुझ्या फायद्या-तोट्याच्या पलीकडंही माझं जग चाललेलं आहे, हे त्याला कळावं म्हणून. आणि ईयोब वाकला. तो वाकला तेव्हा मेंढरं परत आलेली नव्हती, फोड बरे झालेले नव्हते. सैतानाचा दावा तिथं हरला. एका माणसानं फुकट भक्ती केली.

तरी मन पूर्ण शांत होत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हरकत नसावी. देव थोर आहे, कबूल. त्याचं जग माझ्या बांधापेक्षा मोठं आहे, तेही कबूल. पण थोरपणापुढं माणूस भीतीनंही वाकतो. निजामाच्या राजवटीत याच भागातली माणसं तहसीलदारापुढं वाकत होती, आणि ती काही भक्ती नव्हती. नुसता मोठेपणा भक्तीला पुरत नाही. मोठेपणा माझ्यासाठी काय करतो, यापेक्षा तो माझ्याशी वागतो कसा, हे कळल्याखेरीज मन उघडत नाही.

म्हणून पाचवा अध्याय हवा. तिथं एक गुंडाळी आहे, सात शिक्क्यांनी बंद. ती उघडायला योग्य कोण, अशी हाक दिली जाते. आकाशात, पृथ्वीवर, पृथ्वीखाली कुणीच सापडत नाही आणि योहान रडू लागतो. मग एक वडील त्याला सांगतो की रडू नको, यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकला आहे. योहान वर पाहतो. दिसायला हवा होता सिंह. दिसतो कोकरा, तोही वधलेला. आणि सगळा स्वर्ग त्या कोकऱ्याला योग्य म्हणतो, कारण त्यानं आपलं रक्त देऊन प्रत्येक भाषेतली, प्रत्येक वंशातली माणसं देवासाठी सोडवून आणली.

चौथ्या अध्यायातलं कारण होतं, यानं केलं. पाचव्यातलं कारण आहे, यानं स्वतःला दिलं. ख्रिस्ती भक्तीचा सगळा जीव या दुसऱ्या कारणात आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे पटकन समजावं. दुष्काळ पडला की पाहणीचं पथक येतं. गाड्या बांधाशी थांबतात, साहेब दोन पावलं वावरात टाकतात, एखादं करपलेलं ताट हातात घेऊन बघतात, फोटो होतो, कुणीतरी निवेदन देतं, आणि ताफा पुढच्या गावाला निघतो. साहेब वाईट नसतात. पण रात्री त्या गावात ते राहत नाहीत, टँकरच्या रांगेत त्यांची घागर नसते. येशू ख्रिस्तात देव पाहणीला आला नाही, मुक्कामाला आला, असं ख्रिस्ती विश्वास सांगतो. नासरेथसारख्या आडगावात तीसेक वर्षं सुताराच्या घरात राहिला. भुकेला, दमला, मित्राच्या थडग्याशी रडला. शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे धुळीनं भरलेले पाय धुतले. त्या पायांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी त्यानं क्षमा मागितली.

इथं सैतानाच्या प्रश्नाला त्याला अपेक्षित नसलेलं उत्तर मिळतं. माणूस देवावर फुकट प्रीती करील का, असं त्यानं विचारलं होतं. वधस्तंभावर दिसतं की देवानंच माणसावर फुकट प्रीती केली. माणसाकडून मिळण्यासारखं काही नव्हतं. शिष्य पळाले होते, गर्दी हसत होती. अशा देवाची भक्ती मोबदल्याच्या हिशेबात बसतच नाही, कारण त्याच्या प्रीतीनं तो हिशेब आधीच मोडून टाकलेला आहे.

या जिल्ह्याला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. गोदाकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी राहिली, आणि नामदेवांची दासी म्हणूनच तिनं आयुष्यभर स्वतःची ओळख सांगितली. तिच्या विठ्ठलाचं वैशिष्ट्य सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तो तिच्याबरोबर जात्यावर बसतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाताना परभणीवरून गंगाखेडला येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ख्रिस्ती माणसालाही या देवाची ओढ कळते. राबणाऱ्या बाईच्या हाताशी हात लावणारा देव हवा, ही भूक इथल्या मातीतच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांशी असलेलं नातं तोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. पुढं त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ते १९१९ मध्ये गेल्यावर अपुरं राहिलेलं ते काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाला नेलं.

साम्य मानावं तसा फरकही सांगावा. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, की देवाचं हे खाली येणं इतिहासात एकदा घडलं, एका ठरावीक देशात, एका ठरावीक सुभेदाराच्या अमलात. म्हणून मतांगीकारात पंतय पिलाताचं नाव आजही दर रविवारी घेतलं जातं. आणि ते खाली येणं भक्ताच्या घरापर्यंत थांबलं नाही, शत्रूच्या हातून मरेपर्यंत गेलं. हा फरक झाकण्यासारखा नाही. त्यावरून कुणाशी भांडण्यासारखाही नाही.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे सगळं फार स्पष्ट दिसतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गाढे विद्वान. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानं गेली. संस्कृतच्या ज्ञानानं कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या या बाईला, भक्तीला योग्य कोण, हा प्रश्न ग्रंथांतून नव्हे, पोटातून पडला होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनजवळच्या फुलहॅमला काही धर्मभगिनी, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. अशा बायकांसाठी तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली.

ती गोष्ट विहिरीवरची आहे. भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली बाई, पाच नवरे झालेले, सहावा नवरा नसलेला. तिच्याकडं येशू प्यायला पाणी मागतो. आणि नवल असं, की खरी उपासना कशी असते याविषयीचं त्याचं सर्वांत खोल बोलणं कुण्या याजकाशी झालेलं नाही. ते या बाईशी झालं आहे. कुठल्या डोंगरावर भजायचं, या तिच्या प्रश्नाला तो जागेचं उत्तर देत नाही. पिता आपल्याला भजणारे शोधत फिरतो आहे, असं सांगतो. रमाबाईंना त्या गोष्टीत ख्रिस्ताची पाप्यांविषयीची प्रीती दिसली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी, की बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्यांनीच पुढं मोकळेपणानं लिहिलं. तो भेटल्यावर काय झालं ते केडगावला दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या, आणि मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळानं जिचं घर मोडलं, तिनं दुष्काळात दुसऱ्यांसाठी घर बांधलं. देवाला भजणं याहून वेगळं काय असतं?

सुरुवातीच्या ख्रिस्ती माणसांनाही भक्तीचा हा अर्थ ठाऊक होता. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी यानं सम्राट त्राजानाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आरोपींपुढं सम्राटाची मूर्ती ठेवायची. धूप आणि द्राक्षारस वाहिला की सुटका. जे खरे ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडून हे करवून घेता येत नाही, असं त्याच्या कानावर होतं. चौकशीत त्याला कळलं ते एवढंच, की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. सम्राटाच्या हातात जीव होता, तरी तो त्यांच्या भक्तीला योग्य नव्हता. ज्याच्याकडं नुसती सत्ता आहे त्याचा कर भरावा, त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. गुडघा टेकायचा तो ज्यानं आपल्यासाठी जीव दिला त्याच्यापुढं. आज आपल्याला कुणी मूर्तीपुढं धूप घालायला लावत नाही. पण पैसा, पद, जात, पुढारी हे सगळे आपापल्या परीनं गुडघा मागतच असतात, आणि त्यांतला एकही आपल्यासाठी मरणार नसतो.

आता भक्तीला योग्य कोण हे ठरलं, की भक्ती कशी, हेही बरंचसं ठरतं. गावाकडच्या मंडळ्यांत हंगामाचा सण असतो. त्या रविवारी वेदीपुढं ज्वारीची कणसं, तुरीच्या हिरव्या शेंगा, भोपळे, कोथिंबिरीची जुडी, टोपलीतली अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडलेलं असतं. नोकरीवाला साखरेची पिशवी आणतो. उपासना संपली की बाहेर लिलाव. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, की पुन्हा बोली. पोरं ओरडतात, पाळकसाहेब हसतात, कोंबडी सुटून पळते. देवाला भोपळ्याची गरज नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. मिळालेलं आपलं नव्हतं, हे हातानं कबूल करण्याचा तो आनंद असतो.

पण ज्याचं पीक गेलं त्यानं त्या दिवशी काय आणायचं? शास्त्राचं उत्तर धीर देणारं आहे. त्यानं गाऱ्हाणं आणावं. स्तोत्रसंहितेत स्तुतीच्या शेजारीच रडगाण्यांना जागा आहे, आणि तीही उपासनाच आहे. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फळ नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी यादीच देतो आणि त्यानंतर म्हणतो, की तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन. त्याची यादी खोटी नव्हती आणि त्याचा आनंदही खोटा नव्हता. येशूनं स्वतः वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचं गाऱ्हाणं मोठ्यानं मांडलं. देवानं आपल्याला सोडलं, असं ज्याला वाटतं त्याचा आक्रोश ज्या देवानं आपल्या तोंडी घेतला, त्याच्यापुढं खोटं हसू घेऊन जायची गरज उरत नाही. कोंब फुटलेलं मूठभर सोयाबीन त्याच्यापुढं ठेवता येतं, आणि तेही अर्पण होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्यापुढं चालत नाही. आमोस संदेष्ट्याच्या काळात सण थाटात होत होते, गाणी उत्तम होती, आणि बाजारात मापं खोटी होती, गरीब विकला जात होता. देवानं त्या सणांचा तिटकारा केला. भक्तीला योग्य असलेला देव दीनांच्या बाजूला जाऊन बसलेला आहे. तेव्हा आडतीवर कापसाच्या वजनात मारलेला काटा, सालगड्याचे अडकवलेले पैसे, वाटणीत बहिणीचं गाळलेलं नाव, हे घेऊन गायिलेलं गीत त्याच्यापर्यंत पोचत नाही, सूर कितीही नीट लागो. स्वतःला देऊन टाकणाऱ्या देवाची भक्ती करायची आणि हात मात्र आवळलेलाच ठेवायचा, हे जमणार नाही.

आज दिवसभरात एवढं करून पाहू. मागायचं ते मागूच; लेकरानं बापाकडं मागावं, त्यात लाज नाही. पण मागण्याआधी काही क्षण काहीच न मागता त्याच्यापुढं बसू. त्यानं काय दिलं याची यादी बाजूला ठेवू, काय दिलं नाही याचीही. तो कोण आहे एवढंच आठवू: गरज नसताना ज्यानं आपल्याला केलं तो, आणि लायकी नसताना ज्यानं आपल्यासाठी स्वतःला दिलं तो. मग उठून, आपल्याला परत काहीही देऊ शकणार नाही अशा एका माणसाचं एक काम करू.

प्रार्थना: हे देवा, आमच्या बापा, आम्ही तुझ्याकडं बहुतेक वेळा अर्ज घेऊन येतो. आज तुझ्यासाठी येतो. ओल धरणारी माती तुझी, दाणा तुझा, आमचा श्वास तुझा. त्याहून मोठं म्हणजे तू स्वतः आमचा झालास. ज्यांचं पीक गेलं, ज्यांच्या घरात आज चूल पेटायची चिंता आहे, त्यांच्याजवळ राहा, आणि आम्हांलाही त्यांच्या दारापर्यंत घेऊन जा. मिळालं तरी आणि हुकलं तरी, तुला भजण्याचं मन आम्हांला दे. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावानं मागतो. आमेन.